पांढऱ्या खोलीतली वांगी

मच्छिंद्रकाका मंडईत ओरडले की मनोऱ्यावरची कबुतरं उडायची. ही बढाई त्यांची स्वतःची नाही, शेजारच्या गाळ्यावरच्या गोदाबाईंची आहे. आणि गोदाबाई गिऱ्हाइकाला कोथिंबिरीची काडीसुद्धा फुकट घालत नाहीत, कौतुक कुठून घालणार. त्या सांगत, आरोळीची सुरुवात थंडीतल्या रिक्षासारखी व्हायची. आधी नुसती घरघर, मग एकदम पकड घ्यायची, ‘वांगी बघा वांगीऽऽ, काटेरी कोवळीऽऽ’, वर वर चढत छपराला टेकायची, आणि ‘देठाला धराऽ’पाशी कुणीतरी नळ बंद करावा तशी कापली जायची. त्या अचानक शांततेत माणूस वळून बघायचाच. वळला की गेला कामातून. घरून दोडका आणायला पाठवलेला माणूस वांगी घेऊन परतायचा आणि बोलणी खायचा.

असा हा माणूस उन्हाळ्यापासून एका पांढऱ्या खोलीत खुर्चीवर बसून होता. त्याला एकच वाक्य बोलायची परवानगी होती, तीही कुजबुजत.

त्याचं असं झालं. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले. गाळ्याच्या उंच ओट्यावर चढताना ते आधी डावा पाय ठेवायचे, मग विचार करायचे, मग गोदाबाई म्हणायच्या, क्रेन मागवू का. त्याच सुमाराला त्यांचा मुलगा ऋषी, हिंजवडीला आयटीत असलेला, त्याच्याच ऑफिसातल्या राजनंदिनीशी लग्न ठरवायच्या बेतात होता. मुलगी मांजरी गावची. वडील रावसाहेब बनकर. त्यांचं गाव महापालिकेत गेलं तरी मिशा ग्रामपंचायतीतच राहिलेल्या. ऋषीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की वडील मंडईत बसतात म्हटल्यावर ही मंडळी चहाचा कप अर्धा ठेवून उठतील. मागे एका स्थळाने तसं केलंही होतं. मग त्याने ओळखीपाळखीने बाबांना कोरेगाव पार्कातल्या कुणा उद्योगपतीच्या खासगी कलासंग्रहात चिकटवलं. बसून काम, एसी, सोमवारी सुट्टी. आणि मांजरीला कळवलं, की बाबा एका आर्ट कलेक्शनमध्ये असतात. ‘असतात’ म्हटलं की बरं असतं. त्यात मालकही मावतो आणि राखणदारही.

काकांनी कबूल केलं ते साखरपुडा ठरेपर्यंत. गोदाबाईंनी त्यांचा गाळा राखायचं कबूल केलं ते दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला मला झेंडू ठेवायला जागा लागते, त्या म्हणाल्या होत्या, तोवर आलास तर गाळा तुझा, नाही आलास तर मी पुतण्याला बसवते. रिकामी जागा बघून लोक काय काय विचारतात, मी कुणाकुणाला तोंड देऊ. काका म्हणाले, दसरा लांब आहे. उन्हाळ्यात सगळ्यांनाच दसरा लांब वाटतो.

संग्रह मोठा देखणा होता आणि सगळ्यांना खुला होता. तिकीट नाही, फक्त फोनवरून आधी वेळ ठरवायची. काकांच्या वाट्याला तीन नंबरची खोली आली. खिडकी नाही. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, छत पांढरं. पेढ्याच्या खोक्यात बसल्यासारखं वाटायचं, फक्त पेढे नाहीत. काचेचं जड दार आपोआप मिटायचं आणि मिटताना असा सुस्कारा टाकायचं, की काकांना दर वेळी वाटायचं, याला तरी कळतंय. अंगात राखाडी शर्ट, पायांत आवाज न करणारे बूट. स्वतःची पावलं स्वतःला ऐकू येईनात तेव्हा काकांना पहिल्यांदा भीती वाटली.

व्यवस्था बघणाऱ्या शेफाली मॅडम स्वभावाने गोड होत्या. त्या काकांना ‘आपण’ म्हणायच्या आणि अर्धं वाक्य इंग्रजीत सोडून द्यायच्या. आपण इथे फक्त प्रेझेंट राहायचं काका, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. बोलायचं नाही, फोन नाही, गुणगुणणं नाही. कुणी फार जवळ गेलं तर हळू म्हणायचं, ‘कृपया स्पर्श करू नये’. काकांनी सगळा जन्म ‘हात लावून बघा, फक्त दाबू नका’ यावर काढलेला. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका बाईंना ‘दाबू नये’ सांगितलं आणि मॅडमना वर जाऊन खुलासा करावा लागला.

माणसं मात्र बघण्यासारखी यायची, आणि काकांना दुसरं बघायला होतंही काय. कॉलेजची पोरं यायची, प्रत्येक चित्राला ब्रो म्हणायची आणि चित्राकडे पाठ करून फोटो काढायची. एक बाई जांभळ्या चौकोनासमोर उभ्या राहून ‘खूप लेयर्स आहेत’ असं म्हणाल्या आणि मग त्यांचे यजमानही म्हणाले, हो, लेयर्स आहेत, पार्किंगला मात्र जागा नाही. शनिवार पेठेतले एक पेन्शनर तर नेमाने यायचे, कारण एसी फुकट होता. सगळं बघून झालं की जाताना ते दारात म्हणायचे, वा, बघितलं, आता घरी जाऊन भिंत बघतो. काकांच्या ओठावर उत्तर यायचं. मंडईत असते तर त्यांनी त्या पेन्शनरला दारातून परत बोलवून अर्धा किलो काहीतरी दिलंच असतं. इथे उत्तर गिळायचं. दिवसभरात इतकी उत्तरं पोटात जायची, की डबा खायला भूक राहायची नाही.

हळूहळू ती खोली घरी यायला लागली. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत काका पाणी मागायचे तेही कुजबुजून. शालूकाकू ओट्यापाशी असायच्या, कुकरच्या आवाजात त्यांना काही ऐकू यायचं नाही. त्या ‘काय?’ म्हणायच्या, काका तितक्याच हळू परत सांगायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काकूंना गाठून विचारलं, तुमचं भांडण झालंय का, आजकाल आवाज येत नाही. काकूंनी ऋषीला सांगितलं, तुझ्या बापाचा आवाज कमी होत चाललाय. ऋषीने मोबाइलमधून डोकं न काढता सांगितलं, आई, फक्त साखरपुड्यापर्यंत.

श्रावण संपता संपता तीन नंबरमध्ये ढीग आला.

कलाकार होती कल्याणी नावाची यवतमाळची मुलगी, केस बारीक कापलेले, पायांत रबरी चपला. तिने टेम्पोभर भाजी आणवून पांढऱ्या फरशीवर ओतली. वांगी, टोमॅटो, कोबी, दुधी, भोपळे. कल्पना अशी होती, की हा ढीग तसाच ठेवायचा आणि लोकांनी येऊन त्याचं सुकणं, सडणं, बसत जाणं बघायचं. छताला कॅमेरा लावला होता, तो मधूनमधून आपोआप फोटो काढणार होता. हे सगळं तिने शेफाली मॅडमना समजावलं. काकांना कुणी समजावलं नाही. खुर्चीला कोण समजावतं.

काकांना एवढंच दिसलं, की समोर माल आहे आणि मालाची मांडणी अत्यंत वाईट आहे. भोपळे वर, टोमॅटो खाली. वांग्यांचे देठ भिंतीकडे. हे बघून त्यांना रात्रीची झोप लागली नाही, असं काकू सांगतात.

दुसऱ्या दिवशी लोक यायच्या आधी त्यांनी खाली वाकून फक्त एक भोपळा बाजूला केला. मग दुसरा. मग हात थांबेनात. खराब टोमॅटो मागे, चांगला पुढे, वांगी देठ बाहेर करून कडेने. पाण्याच्या बाटलीतून ओंजळ भरून शिंतोडे मारले तेव्हा वांग्यांवर जी झाक आली, ती बघून काका कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेते झाले. पुढे तर रोजचंच झालं. सडलेलं काढून डब्याच्या पिशवीत घालायचं, आणि ढीग बसलेला दिसू नये म्हणून सकाळी मार्केट यार्डातून त्याच पिशवीत ताजा माल आणायचा. ढीग बसला की गिऱ्हाईक फिरकत नाही, हे मंडईत पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. फाटकावरचा वॉचमन जाताना पिशवी तपासायचा, पण त्याला चित्रं चोरीला जाऊ नयेत एवढंच सांगितलेलं होतं. सडक्या वांग्यांबद्दल त्याला वरून काही सूचना नव्हती.

गणपती आले आणि गेले. ढीग काही सडेना. पेन्शनर म्हणाले, आमच्या घरी भाजी चार दिवसांत माना टाकते, इथली बुकिंग करून आलेली दिसते.

मग एक दिवस कल्याणी स्वतः आली. ढिगाभोवती तिने फेरी मारली, वास घेतला, एक वांगं उचललं, परत ठेवलं. आणि सरळ वर गेली. काकांना कळलं, आता कॅमेऱ्यातले फोटो बघणार. मघाशी हातांना घाम सुटला होता, तो हळूहळू सुकत गेला आणि त्याच्या जागी एक वेगळीच गोष्ट आत शिरली. पकडले गेलो. म्हणजे काढून टाकतील. आपण सोडलं असं होणार नाही, ऋषीला दिलेला शब्द मोडणार नाही, त्यांनीच काढलं म्हणजे प्रश्न मिटला. दसरा तोंडावर आला होता. काकांनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि बाहेर जायच्या तयारीने बसले.

दार सुस्कारलं. कल्याणी आणि शेफाली मॅडम आत आल्या. कल्याणीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“काका,” ती म्हणाली, “हे तुम्ही काय करून राहिले होते?”

काकांनी मान खाली घातली आणि कुजबुजले, “चुकलं. मला काढून टाका.”

पण तिने त्यांचे हात हातात घेतले. ती म्हणाली, की मी मरणाबद्दल काम करायला निघाले होते आणि तुम्ही त्याला मरू दिलं नाही. फोटो पटापट पळवून बघितले तर ढीग श्वास घेतल्यासारखा हलतो आणि मधूनमधून दोन हात दिसतात. ती विदर्भातल्या लयीत एकेक शब्द लांबवत बोलत होती, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून दर वाक्याला डोळे मिटत होत्या. काकांना त्यातलं एकच कळलं, की काढत नाहीयेत.

आठवड्याच्या आत भिंतीवर नवी पाटी लागली. ‘ढीग, माणसासह. भाज्या, पाणी, मूक भाजीविक्रेता.’ खुर्ची उचलून ढिगाच्या शेजारी ठेवली आणि वरून दिवा सोडला. मालक उद्योगपतीसाहेबांनी म्हणे ते काम कायमचं संग्रहात घेतलं होतं. आता काकांनी दिवसातून ठरावीक वेळी माल निवडायचा, शिंतोडे मारायचे आणि बाकी वेळ गप्प बसायचं. ते एक वाक्यसुद्धा आता त्यांचं नव्हतं. त्यासाठी दारात दुसरा राखणदार आला. कुणी वाकून त्यांच्या फार जवळ आलं, की तो म्हणायचा, कृपया स्पर्श करू नये.

कॉलेजची पोरं आता त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढायला लागली.

त्या सोमवारी काका मंडईत गेले. गाळ्यावर गोदाबाईंची पोती होती. त्यांनी सगळी हकिकत कुजबुजून सांगितली. गोदाबाईंनी कानाला हात लावून ती ऐकली, मग विचारलं, म्हणजे तुला भाजीत मांडलंय का. काका हो म्हणाले. मग भाव काय लावलाय, गोदाबाई म्हणाल्या. काकांना हसू आलं नाही, म्हणून त्या पुढचं चिडवणं मनात ठेवून इतकंच म्हणाल्या, की दसरा आठवड्यावर आलाय आणि पुतण्याने तराजू आणून ठेवलाय.

नवरात्रात रावसाहेब संग्रह बघायला आले. ऋषीने हे टाळायचा जमेल तितका प्रयत्न केला होता, पण राजनंदिनीने वडिलांना हौसेने घेऊन यायचं ठरवलं, तिला काय ठाऊक. ऋषी सगळीकडे पुढे पुढे पळत होता. हे बघा अंकल, ते बघा अंकल, तीन नंबरमध्ये जाऊ नका, तिथे स्मेल येतो. रावसाहेब म्हणाले, मला वासाचं काय सांगतो, माझ्या दारात गोठा हाय. आणि शिरले. राजनंदिनी मागे दोन नंबरमध्येच चित्रं बघत राहिली होती.

रावसाहेबांना वाचनाची घाई नव्हती. एकेका अक्षरावर बोट फिरवत त्यांनी पाटी वाचली, तीही शेतातून हाक मारल्यासारख्या आवाजात. दारातला राखणदार दचकला.

“मूक भाजीविक्रेता,” त्यांनी शेवटी पक्कं केलं. “म्हंजे हे भाजी इकत्यात?”

ऋषी म्हणाला, विकत नाहीत, ते रिप्रेझेंट करतात. रावसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं बैल घेताना दात बघतात. धोतर सावरून ते ढिगापुढे उकिडवे बसले. देठाला धरून एक वांगं उचललं. दाबलं नाही. उजेडाकडे धरून फिरवलं. राखणदार ‘कृपया’पर्यंत आला आणि तिथेच राहिला.

“कसं दिलं?” रावसाहेबांनी विचारलं.

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक समोर बसून भाव विचारतंय. भवानीच्या गिऱ्हाइकाला उत्तर न देणं म्हणजे दिवसाला पाठ दाखवणं. तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. वर दिवा होता, मागे पाटी होती, दारात मॅडम येऊन उभ्या होत्या, आणि बाजूला ऋषी, कपाळावर घाम, डोळ्यांनी विनवत. काकांनी तोंड उघडलं. चांगला छातीतून जोर लावला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसं काहीतरी बाहेर आलं.

“ऐकू न्हाय आलं,” रावसाहेब म्हणाले.

काकांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवाच.

रावसाहेब काही वेळ वांगं फिरवत राहिले. मग त्यांनी, कुणाला सांगतात ते न बघता, सांगायला सुरुवात केली. मार्केट यार्डात भाव पडला की ते उरलेली वांगी टेम्पोत घालून मंडईच्या बाहेर उभे राहायचे. आतून एका माणसाचा आवाज यायचा. तोंड कधी बघितलं नाही, टेम्पो सोडून आत जायची सोय नव्हती. पण तो आतून ओरडला, की बाहेरची गिऱ्हाइकंसुद्धा वांगीच मागायची. दोन हंगाम तर त्या आवाजावर निघाले.

“असल का जित्ता?” त्यांनी विचारलं.

दाराने सुस्कारा टाकला.

“आहे,” काका कुजबुजले.

“कुठं असतो?”

काकांनी ऋषीकडे बघितलं नाही. “इथं,” ते म्हणाले.

हे मात्र रावसाहेबांना पहिल्या खेपेला ऐकू आलं. त्यांनी खुर्ची बघितली, दिवा बघितला, पाटीकडे परत एकदा बघितलं. मग काकांचा चेहरा आणि ऋषीचा चेहरा ताडून बघितला, नाक एकच निघालं. मग उठून गुडघे झटकले. ऋषी काहीतरी समजवायला पुढे झाला, अंकल, ॲक्च्युअली. रावसाहेबांनी हातातलं वांगं त्याच्या हातात दिलं, म्हणजे ते ॲक्च्युअली तिथेच थांबलं.

“सोयरिकीचं बोलायला मी तुमच्या घरी येणार न्हाय,” ते काकांना म्हणाले. ऋषीचा चेहरा त्या भिंतींसारखा झाला. “दसऱ्याला मंडईत येतो. गाळ्यावर असाल तर बोलू. मला मुका व्याही नको.”

जाताना त्यांनी वांग्याचे पैसे खुर्चीच्या हातावर ठेवले. ते कलाकृतीत धरायचे की नाही, यावर वर बराच वेळ चर्चा चालली होती म्हणे.

काकांनी राखाडी शर्ट घडी घालून मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम चिडल्या नाहीत, फार वाईट वाटून घेतलं त्यांनी. नंतर ऋषीला फोन करून त्यांनी एवढंच विचारलं, की काकांची खुर्ची आणि पाटी तशीच ठेवली तर चालेल का. त्या अजून आहेत. रिकाम्या खुर्चीपुढे लोक आधीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात, आणि पेन्शनर सांगतात, यात लेयर्स जास्त आहेत.

दसऱ्याला पहाटेच काका मंडईत पोचले. गोदाबाईंनी झेंडूची पोती सरकवून गाळा मोकळा केला, पुतण्याचा तराजू कोपऱ्यात ठेवला, उचलून नेला नाही. काका डावा पाय ठेवून ओट्यावर चढले. वांगी रचली. शिंतोडे मारले. मग छाती भरून आरोळी दिली, आणि समोरून जाणाऱ्या माणसाला ती खोकल्यासारखी वाटली असावी, कारण तो दोन पावलं लांबून गेला.

गुलाबी साडीतल्या एक बाई मात्र थांबल्या. त्यांनी वांग्याला हात घातला आणि काकांच्या तोंडून आपसूक निघालं, अगदी हळू, “कृपया स्पर्श करू नये.”

बाईंनी हात मागे घेतला. “मग काय लांबून नमस्कार करू?” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

काका मांडीकडे बघत बसले. चारी बाजूंनी मंडई बोंबलत होती आणि ते अजून त्या पांढऱ्या खोलीतच होते. भिंती तेवढ्या बरोबर आल्या होत्या. रावसाहेब केव्हाही आले असते. ऋषी लांब नारळवाल्याजवळ उभा होता, जवळ यायला धजत नव्हता.

गोदाबाईंनी हे सगळं बघितलं. झेंडू मोजता मोजता त्यांनी गळा साफ केला आणि काकांचीच आरोळी द्यायला घेतली. सुरुवात बरी झाली, पण मग त्यांनी ‘कोवळी’ आधी घेतलं, ‘काटेरी’ मागून ओढलं, आणि ‘देठाला धरा’ला कापायच्या जागी असा हेल काढला, की आरोळी रस्ता चुकलेल्या म्हशीसारखी गल्लीगल्लीत हिंडली. काका कळवळले. त्यांनी हाताने खूण केली, तसं नाही. गोदाबाईंनी बघितलंच नाही. मुद्दाम की काय कोण जाणे, पुन्हा तशीच दिली, आता आणखी लांब.

तिसऱ्या खेपेला काकांना राहवलं नाही.

“तसं नाही गं,” ते म्हणाले, आणि हे कुजबुजणं नव्हतं. “‘काटेरी’ आधी. काटेरी कोवळीऽ...”

आवाज फाटका होता, गंजलेल्या पत्र्यासारखा, आणि वर चढताना मध्येच दोनदा तुटला. छपरापर्यंत काही पोचला नाही. नारळवाल्यापाशी ऋषीने मान वर केली. गोदाबाई म्हणाल्या, हां, मग दे की तूच, मला झेंडू मोजू दे.

वर मनोऱ्यावर एकही कबुतर उडालं नाही. एकाने फक्त मान वळवून खाली बघितलं.